चाळीस रुपयांची ट्यून, पन्नास रुपयांची एन्ट्री: रेसिंग गेममधला लॅप टाइम नक्की कशाने कमी होतो?

नवघर रोडवर संध्याकाळी सात वाजता गाडीचा वेग किती असतो, हे भाईंदर पूर्वेच्या माणसाला सांगायला नको. स्टेशनवरून निघालेली शेअर रिक्षा पुढच्या नाक्यावर पोचेपर्यंत चालत निघालेला माणूस दोन भाज्या घेऊन घरी गेलेला असतो. त्याच रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगा उभा होता, कॉलेजात जाणारा असेल. फोन आडवा धरून ताशी २४० च्या वेगाने ट्रॅकवर गाडी पळवत होता. प्रत्येक उजव्या वळणाला त्याची गाडी बाहेर फेकली जायची आणि मातीत चाक जायचं. मला राहवलं नाही. म्हटलं, "पुढचं टोक वळतच नाहीये तुझं." तो मान वर न करता म्हणाला, "हो ना काका. ट्यून विकत घेतली चाळीस रुपयांना, तरी जातेच बाहेर."

रांग हलत नव्हती, त्यामुळे बाकीची कथाही कळली. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाइम अटॅकची स्पर्धा होती. पन्नास रुपये एन्ट्री, ज्याचा लॅप टाइम सगळ्यात कमी त्याला जमा झालेले सगळे पैसे. आणि त्याच ग्रुपवर कुणीतरी "विनिंग ट्यून" म्हणून स्लायडरच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट विकत होता.

या एका प्रसंगात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ट्यूनने खरंच किती फरक पडतो? रेसिंग गेमला आता पदकाचा खेळ म्हणून मान मिळतोय, तिथे ट्यूनिंगला किती जागा आहे? आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ती पन्नास रुपयांची स्पर्धा नक्की कुठे बसते? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक खेळणाऱ्यांना माहीतच नाही, पण सुरुवात पहिल्यापासून करू, कारण त्याशिवाय बाकीचं समजणार नाही.

अपग्रेड वेगळं, ट्यूनिंग वेगळं

इंजिन मोठं टाकलं, टर्बो लावला, टायर रेसिंगचे घेतले, हे झालं अपग्रेड. त्याला गेममधले पैसे लागतात आणि गाडीचा वर्ग बदलतो. फोर्झा होरायझन ५ मध्ये प्रत्येक गाडीला एक आकडा असतो: ७०१ ते ८०० म्हणजे 'ए' वर्ग, ८०१ ते ९०० म्हणजे 'एस१'. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये याच कामाला पीपी नावाचा आकडा आहे. स्पर्धा एका वर्गात होते, म्हणजे ताकद सगळ्यांची साधारण सारखी.

ट्यूनिंग म्हणजे तीच गाडी, तेच पार्ट, पण त्यांची सेटिंग बदलायची. टायरमधली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, गिअरचं गुणोत्तर, ब्रेकचा पुढे-मागे वाटा, मागच्या पंखाचा कोन. फोनवरच्या अनेक गेममध्ये हे दोन्ही एकाच मेनूत कोंबलेलं असतं, म्हणून गोंधळ होतो. सीएसआर रेसिंग २ मध्ये नायट्रो, फायनल ड्राइव्ह आणि टायर प्रेशर असे मोजके स्लायडर मिळतात, कारण तिथे सरळ रेषेतच पळायचं आहे. कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग २ सारख्या गेममध्ये चाकांचा कोन, हवा, गिअर असं बरंच काही हातात येतं. कन्सोल आणि पीसीवरच्या असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओनेमध्ये तर सेटअपची पानंच्या पानं आहेत.

हे सगळे स्लायडर शेवटी एकाच गोष्टीवर काम करतात: टायरची पकड. खऱ्या गाडीचा टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. असे चार तळहात. ब्रेक मारणं, वळणं, वेग घेणं, ही तिन्ही कामं त्या चार तळहातांनीच करायची. पुढच्या टायरवर वळताना ताण जास्त आला की पुढचं टोक सरळ जातं, गाडी बाहेर ओढते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागचे आधी सुटले की शेपूट फिरतं, ते ओव्हरस्टीअर. रांगेतल्या मुलाला पहिला रोग होता. त्याला विकलेली ट्यून मात्र टॉप स्पीडची होती. पोटदुखीवर डोळ्यांत घालायचे थेंब!

पुढचं टोक वळत नसेल तर कुठे हात घालायचा

सगळ्यात जास्त फरक आणि सगळ्यात कमी डोकेदुखी कशात असेल तर ती अँटी-रोल बारमध्ये. वळणावर गाडी एका बाजूला कलंडते, तो कल रोखणारी ही दांडी. पुढची दांडी मऊ केली किंवा मागची कडक केली की पुढचं टोक जास्त वळायला लागतं. शेपूट फिरत असेल तर बरोबर उलटं करायचं. एवढं एक वाक्य पाठ असलं तरी अर्ध्या गाड्या सुधारतात.

फोर्झा खेळणाऱ्यांमध्ये सुरुवातीचा आकडा काढायचं एक जुनं गणित आहे. स्लायडर १ ते ६५ असेल आणि गाडीच्या वजनाचा ५५ टक्के भार पुढच्या चाकांवर असेल, तर ६४ ला ०.५५ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. येतात ३६.२. ही पुढची दांडी. मागच्यासाठी ०.४५ घ्या, येतात २९.८. स्प्रिंगलाही हाच हिशेब चालतो. हे उत्तर अंतिम नसतं, चाचणीला बसण्याआधीची जागा असते. पण चाळीस रुपयांच्या स्क्रीनशॉटपेक्षा बरं, आणि फुकट.

टायरच्या हवेचं गणित आपल्याला पंक्चरवाल्याकडून थोडं माहीत असतं. हवा कमी असली की टायर जास्त पसरतो, पकड वाढते, पण गाडी सुस्त वाटते आणि टायर लवकर तापतो. हवा जास्त भरली की गाडी चटकन वळते पण घसरते. महत्त्वाचं हे की टायर तापला की आतली हवा फुगते आणि आकडा वर चढतो. म्हणून गंभीर सिम्युलेटरमध्ये गॅरेजमधला थंड आकडा बघून उपयोग नाही, तीन लॅप मारून गरम झालेला आकडा बघायचा. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओनेच्या नंतरच्या आवृत्त्यांत जीटी३ गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर गरम टायर २६ ते २७ पीएसआयच्या मध्ये लागतो. ढग आले, ट्रॅक थंड झाला की कालची हवा आज चुकते. एखाद्याचा सेटअप तुमच्याकडे चालत नाही, त्याचं अर्धं कारण इथेच असतं.

गिअरचा विचार सोपा आहे. त्या ट्रॅकवरच्या सगळ्यात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारायच्या क्षणी, गाडी शेवटच्या गिअरमध्ये लाल रेषेच्या जवळ पोचली पाहिजे. आधीच पोचून अडकत असेल तर फायनल ड्राइव्ह टॉप स्पीडकडे सरकवा. शेवटचा गिअर पडतच नसेल तर पिकअपकडे. बहुतेक नवखे टॉप स्पीडचा आकडा बघून खूश होतात. ताशी ३२० जाणारी गाडी ज्या ट्रॅकवर ताशी २५० च्या पुढे जायला जागाच नाही, तिथे ते ७० किलोमीटर फक्त स्क्रीनशॉटसाठी.

पंखाचं म्हणाल तर हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० च्या हेअरपिनमध्ये पंख जेवढं दाबतो त्याच्या नऊपट ताशी १८० च्या वळणावर दाबतो. म्हणून अरुंद, वळणावळणांच्या ट्रॅकवर पंख वाढवून फारसं हाती लागत नाही, आणि हवेचा अडथळा मात्र सरळ पट्ट्यावर वेग खातोच.

कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं. उणे एक-दीड अंशापासून सुरू करा. फार झुकवलं की सरळ ब्रेक मारताना टायरची फक्त आतली कड टेकते. टो शून्यावर ठेवा आणि विसरा. डॅम्पर, म्हणजे गॅरेजवाल्याच्या भाषेत शॉकअप, शेवटी. डिफरन्शिअलचं एक लक्षात ठेवा: मागच्या चाकांवर चालणारी गाडी वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की फिरत असेल, तर अ‍ॅक्सिलरेशन लॉक थोडं कमी करा.

आता यातून वाचतं किती? समजा वळणानंतर ६०० मीटरचा सरळ पट्टा आहे. त्यावर तुमचा सरासरी वेग ताशी १५० असेल तर १४.४ सेकंद लागतात. वळणातून थोडं आधी अ‍ॅक्सिलरेटर देता आला आणि सरासरी १५३ झाली, तर १४.१२. म्हणजे पाव सेकंदापेक्षा थोडं जास्त, आणि तेही एकाच वळणानंतर. ट्रॅकवर अशी चार वळणं असली तर सेकंदाच्या पुढे गेलो. म्हणून ट्यूनिंगचा खरा फायदा टॉप स्पीडमध्ये नसून वळणातून बाहेर पडताना असतो.

पण एक चाचणी आधी करा, आणि ही मी त्या मुलालाही करायला लावली. एकही स्लायडर न हलवता दहा लॅप मारा. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट लॅप यांत किती फरक आहे? त्याच्या सहाच लॅप झाल्या (रिक्षा आली), त्यात १.८ सेकंदांचा फरक होता. ज्याचा हातच दोन सेकंदांनी इकडेतिकडे होतोय, त्याला अर्ध्या सेकंदाची ट्यून चांगली की वाईट हे कळणार कसं?

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, गाळ्यागाळ्यांतून प्रेस चालू असतात. तिथला सेटिंग करणारा माणूस कधी बघितलाय? तो एका वेळी एकच बोल्ट हलवतो, एक पीस काढतो, उजेडात धरून बघतो. मग दुसरा बोल्ट. ट्यूनिंगची पद्धत हीच आहे. एक बदल, पाच लॅप, मधला आकडा वहीत. एकदम सहा स्लायडर हलवून "मस्त झाली गाडी" म्हणणाऱ्याला कुठल्या स्लायडरने मस्त झाली हे कधीच कळत नाही, आणि दुसऱ्या ट्रॅकवर गेला की पुन्हा शून्यापासून.

फोनवाल्यांचा वेगळा शत्रू

आपल्यातले बहुतेक जण फोनवर खेळतात, आणि इथे एक गोष्ट बदलली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग भारतात सुरू झालं. म्हणजे फोर्झा होरायझन ५ सारखा गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्या फोनवर फक्त चित्र येतं. कन्सोल नको, गेमिंग पीसी नको, महिन्याची वर्गणी आणि बरं इंटरनेट पुरे. ज्या घरात पन्नास हजारांचा कन्सोल येणं शक्य नाही तिथल्या मुलाच्या हातात पहिल्यांदाच पूर्ण ट्यूनिंग मेनू आला. ही मोठी गोष्ट आहे.

अडचण मात्र तुमचं बोट आणि चित्र यांच्या मधल्या उशिराची. ताशी २०० म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. सगळं मिळून १०० मिलिसेकंद उशीर झाला, तर तुम्ही ब्रेक दाबलेला सर्व्हरला कळेपर्यंत आणि ते तुम्हाला दिसेपर्यंत गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. एका कारच्या लांबीपेक्षा जास्त! दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत बसून मोबाइल डेटावर खेळत असाल तर हा उशीर सारखा बदलत राहतो, ते तर आणखी वाईट, कारण कायमच्या उशिराची सवय होते, बदलत्याची नाही.

याचा ट्यूनिंगशी थेट संबंध आहे. लीडरबोर्डवरच्या पहिल्या माणसाची ट्यून बहुधा सैल शेपटाची असते. तो चांगल्या जोडणीवर, कंट्रोलर किंवा स्टीअरिंग व्हील घेऊन बसलेला असतो आणि फिरणारं शेपूट क्षणात सावरतो. तुम्ही तेच ६ इंची काचेवर, अंगठ्याने, उशिरा सावरणार. गाडी भिंतीत. म्हणून क्लाउडवर आणि टचवर खेळताना गाडी मुद्दाम थोडी मंद पण स्थिर ठेवा: मागची दांडी जरा मऊ, ब्रेकचा वाटा जरा पुढे, मागे थोडा जास्त पंख. कागदावर पाव सेकंद जातो, प्रत्यक्षात दोन मिळतात.

फोर्झामध्ये ट्यून शेअर करायला नऊ आकड्यांचा कोड असतो आणि तो फुकट असतो. हजारो लोकांनी हजारो गाड्यांसाठी टाकलेले आहेत. त्यातलेच उचलून, नाव खोडून, स्क्रीनशॉट करून ग्रुपवर विकणं हा आता छोटा धंदा झालाय. आणखी एक सांगतो. काही वेगवान ट्यूनचं खऱ्या गाडीशी देणंघेणं नसतं. एक दांडी पूर्ण मऊ, दुसरी पूर्ण कडक, असे टोकाचे आकडे टाकून गेमच्या गणितातली फट पकडलेली असते. पुढचा अपडेट आला की फट बुजते आणि विकत घेतलेली ट्यून भंगारात जाते.

पदक आलं, तेव्हा गॅरेजला कुलूप

आता बातमीकडे. जपानमधल्या आइची-नागोया इथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात आशियाई क्रीडा स्पर्धा ठरल्या आहेत, आणि त्यातल्या ई-स्पोर्ट्सच्या यादीत ग्रॅन टुरिस्मो ७ आहे. ई-स्पोर्ट्सला पूर्ण पदकं पहिल्यांदा मिळाली ती २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या स्पर्धेत, पण तिथे रेसिंग गेम नव्हता. ऑलिंपिकच्या बाजूनेही हाच गेम आधी दिसलाय, २०२३ च्या सिंगापूरच्या ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स वीकमध्ये. ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स गेम्स भरवायचा सौदी अरेबियाबरोबरचा करार मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी सोडून दिला, त्यामुळे सध्या मोठं मैदान आशियाईचंच.

गंमत अशी की ग्रॅन टुरिस्मोच्या अधिकृत जागतिक मालिकेतल्या बहुतेक शर्यतींत ट्यूनिंग बंद असतं. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स नावाची पद्धत आहे; गेम स्वतःच प्रत्येक गाडीची ताकद आणि वजन ठरवतो, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका पातळीवर येतात. गॅरेजला कुलूप. आयरेसिंगमध्येही फिक्स्ड सेटअप आणि ओपन सेटअप अशा दोन वेगळ्या शर्यती असतात.

काही जुने खेळाडू यावर चिडतात. त्यांच्या मते ट्यूनिंग हे अर्धं कौशल्य आहे आणि तेच काढून टाकलं तर उरलं काय? मला मात्र आयोजकांचं पटतं, निदान पदकाच्या शर्यतीसाठी. ट्यूनिंग उघडं ठेवलं की ज्याच्यामागे इंजिनिअरांची टीम आहे, ज्याला महिन्याला पैसे भरून सेटअप मिळतात, त्याचं पारडं आपोआप जड होतं. आपल्याकडचा मुलगा तिथे गाडी चालवायच्या आधीच हरतो. सेटिंग सारखी असेल तर लढत हाताची.

पण ट्यूनिंगची समज वाया जात नाही, तिची जागा बदलते. बंद गॅरेजच्या शर्यतीतही चालवता चालवता ब्रेक बॅलन्स बदलता येतो, इंधन वाचवायचा मोड निवडता येतो, कुठला टायर किती लॅप टिकेल हे ठरवावं लागतं. टायर का तापतो हे ज्याला कळलंय तो शेवटच्या तीन लॅपमध्ये वेगळा दिसतो.

आपली खरी अडचण दुसरीच आहे. ग्रॅन टुरिस्मो ७ फक्त प्लेस्टेशन ४ आणि ५ वर चालतो. भारतातला बहुसंख्य गेमर फोनवर आहे. पदकाचं दार उघडलंय, पण त्याची किल्ली अशा यंत्रात आहे जे नवघरच्या वन रूम किचनमध्ये सहसा नसतं.

पन्नास रुपयांची एन्ट्री आणि नवा कायदा

ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. बातम्यांत गाजली ती रमी आणि फँटसी अ‍ॅपवरची बंदी. रेसिंगवाल्यांना वाटलं, आपला काय संबंध. संबंध आहे.

कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन कप्पे केले: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पहिल्या दोघांना प्रोत्साहन, तिसऱ्यावर बंदी. मनी गेमची व्याख्या नीट वाचा. जिंकून पैसे मिळतील या आशेने फी भरून, पैसे ठेवून किंवा इतर काही पणाला लावून खेळलेला ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. "आमचा गेम तर पूर्ण स्किलचा आहे" हा वर्षानुवर्षांचा युक्तिवाद इथे संपतो. पैशांऐवजी विकत घेतलेले कॉइन किंवा टोकन लावले तरी तेच.

मग ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धांत एन्ट्री फी नसते का? असू शकते. नाव नोंदवायला किंवा आयोजनाचा खर्च भागवायला फी घेता येते, कामगिरीनुसार बक्षीसही देता येतं. पण तो खेळ मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि त्यात पैज किंवा डाव लावलेला चालत नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपवरची स्पर्धा या मापाने मोजा. नोंदणी नाही. फी खर्चासाठी नाही. सगळ्यांची फी गोळा करून एकाच्या खिशात जाते. याला आपल्याकडे साधा शब्द आहे: पैज. माझ्या वाचनाप्रमाणे ती मनी गेमच्या कप्प्याच्या फार जवळ जाते, आणि त्यात गाडीऐवजी पत्ते असते तर कुणाला शंकाही आली नसती.

शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. म्हणजे "मी तर फक्त ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, क्यूआर कोड माझा दिला एवढंच" म्हणणारा एकोणीस वर्षांचा पोरगा सगळ्यात उघड्यावर उभा आहे. मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, त्याच्याकडे नाहीत. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या आहेत, पण त्या निकालाच्या भरवशावर पैसे गोळा करण्याइतकी हिंमत कुणी करू नये.

स्पर्धा भरवायचीच असेल तर सोपा मार्ग आहे. फी घेऊ नका. बक्षीस म्हणून सोसायटीच्या गणपती मंडळाकडून एक कंट्रोलर मिळवा. फिक्स्ड गाडी, फिक्स्ड ट्रॅक, स्क्रीन रेकॉर्डिंग सक्तीचं.

सक्तीचं का, तर मॉड एपीके. "अनलिमिटेड मनी, सगळ्या गाड्या अनलॉक" म्हणून टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइल्समध्ये वेगही बदललेला असतो, आणि बरोबर काय काय येतं हे फाइल बनवणाऱ्यालाच माहीत. ज्या फोनवर यूपीआय आहे त्या फोनवर अनोळखी एपीके टाकून तिला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी देणं म्हणजे घराची चावी फेरीवाल्याकडे ठेवणं. ट्यूनसाठी कुणी फाइल पाठवत असेल तर ती घेऊ नका. ट्यून म्हणजे आकडे, आणि आकडे मेसेजमध्ये मावतात.

हेच स्लायडर, पण लोखंडाचे

मुंबईत हे काम हाताने करणारी मुलं आहेत. पवईला आयआयटी बॉम्बे रेसिंग आणि विद्याविहारला के. जे. सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग, हे विद्यार्थ्यांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी एका माणसाची रेसिंग कार स्वतः बनवतात. त्या स्पर्धांत ७५ मीटर सरळ पळण्याची परीक्षा असते, आठच्या आकड्यात फिरण्याची असते आणि साधारण २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स असते. पहिलीला गिअर आणि पिकअप लागतो, दुसरीला पकड आणि दांड्या, तिसरीला टायर आणि इंधन किंवा बॅटरी टिकवणं. एकाच गाडीने तिन्ही द्यायच्या. म्हणजे जो प्रश्न तुम्ही अंगठ्याने सोडवता तोच तिथे पाना घेऊन सोडवतात, आणि गाडी बनण्याआधी संगणकावर लॅप टाइमचं सिम्युलेशनही करतात. कॅम्बर बदलायला तिथे पातळ पत्र्याचे तुकडे घालतात, स्लायडर नसतो.

भाईंदरहून दादर, दादरला मध्य रेल्वेवर बदलून विद्याविहार. जे पोरगं रात्री दोनपर्यंत अँटी-रोल बारवर वाद घालतं, त्याच्या आईबाबांनी हे एकदा ऐकावं असं मला वाटतं. वाहन उद्योगात गाडीचा डेटा वाचून "पुढचे टायर जास्त तापतायत" हे सांगणाऱ्याला पगार मिळतो. वहीत लॅप लिहून ठेवणारा मुलगा त्या कामाची पहिली पायरी चढतोय, फोनवर टाइमपास करतोय असं नाही.

आणि हो, गेममधलं गॅरेज खाली पार्किंगमध्ये आणू नका. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने फेरफार करायला कलम ५२ आड येतं. अठरा पूर्ण नसताना गाडी घेऊन गुन्हा घडला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. घोडबंदरच्या घाटात रीस्टार्टचं बटण नाही.

रिक्षात बसता बसता त्या मुलाला मी पुढची दांडी चार क्लिक मऊ करायला सांगितली होती. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला अडकलो तेव्हा त्याने फोन माझ्यापुढे धरला. गाडी आता बाहेर जात नव्हती, उलट चौथ्या वळणाला शेपूट फिरत होतं. म्हटलं, दोन क्लिक परत घे. पन्नास रुपयांचं विचारलं तर म्हणाला, अ‍ॅडमिन त्याच्याच बिल्डिंगमधला आहे, त्याला हे कायद्याचं पाठवतो. मग सिग्नल सुटला आणि त्याने लॅप पुन्हा सुरू केला.